कोलोसियम नीट बघायचं कसं: गेटच्या आकड्यापासून तळघरातल्या लिफ्टपर्यंत

रोमला जाणारा माणूस कोलोसियमला जातोच, आणि बहुतेक जण पाऊण तासात बाहेर पण येतात. ग्रुप टूर असेल तर त्याहून लवकर, कारण बस थांबलेली असते आणि पुढे व्हॅटिकन उरकायचं असतं. आत शिरायचं, वर चढायचं, खाली तो भिंतींचा गुंता दिसतो त्याचा फोटो काढायचा, "इथे ग्लॅडिएटर लढायचे" एवढं ऐकायचं आणि निघायचं. आता गंमत अशी की तो जो गुंता दिसतो तिथे कोणी लढतच नव्हतं. ते तळघर आहे. त्याच्यावर लाकडी फळ्यांची जमीन होती, फळ्यांवर वाळू, आणि लढाया त्या वाळूवर. म्हणजे हजारो लोक रोज उघड्या पडलेल्या बॅकस्टेजचा फोटो काढून त्याला स्टेज समजून घरी येतात.

माझं म्हणणं असं की ही जागा अवशेष म्हणून बघूच नका, मशीन म्हणून बघा. या मशीनची कामं दोन. एक, साधारण ५० हजार माणसं चेंगराचेंगरी न होता आत घ्यायची, ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणे (त्यांच्या मते हं) बसवायची आणि परत बाहेर काढायची. दुसरं, माणसं, जनावरं आणि सेटचं सामान जमिनीखालून अचानक वर आणायचं. ही दोन कामं ज्या क्रमाने व्हायची त्याच क्रमाने फिरलात तर दगड आपोआप समजत जातात, गाईड नसला तरी चालतं. खाली तोच क्रम लिहिलाय, तिकिटापासून.

तिकीट आणि तयारी

अधिकृत साइट कोलोसियमच्या पुरातत्त्व उद्यानाची आहे, इटालियनमध्ये नाव पार्को आर्केओलॉजिको देल कोलोसेओ. गुगलवर वर वर ज्या चार जाहिराती येतात त्या बहुतेक रिसेलरच्या असतात, दाम दुप्पट, म्हणून पत्ता नीट बघून घ्या. तिकिटं साधारण ३० दिवस आधी खुली होतात. साधं तिकीट १८ युरोच्या आसपास, त्यात रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी पण येते. दुसरं असतं "फुल एक्स्पीरियन्स" प्रकारचं, २४ युरोच्या आसपास, त्यात तळघर आणि अरेनाचा (म्हणजे लढाईच्या मैदानाचा) तुकडा दोन्ही. किमती बदलतात, बुक करताना परत बघा.

सहा युरो वाचवायला तळघर सोडू नका, हे या लेखातलं सगळ्यात कामाचं वाक्य समजा. पण ती तिकिटं फार थोडी असतात आणि चुटकीसरशी संपतात, सीझनमध्ये तर विचारूच नका, त्यामुळे तारीख ठरली की विमानाच्या तिकिटाबरोबरच कॅलेंडरमध्ये ३० दिवस आधीचा अलार्म लावून ठेवायचा आणि रोमची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते (त्यांच्याकडे थंडी असेल तर साडेचार) हे लक्षात ठेवून बसायचं.

तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात. आपल्याकडे पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी लग्नाआधीचं आडनाव, कधी आडनावाचा रकानाच रिकामा, असले घोळ असतात, तर जे पासपोर्टवर आहे तेच जसंच्या तसं टाका आणि पासपोर्ट सोबत ठेवा. १८ वर्षांखालच्या पोरांना फुकट, पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट बुक करावंच लागतं. १८ ते २५ वाली सवलत युरोपियन युनियनच्या नागरिकांना आहे, आपल्या पोरांनी कॉलेजचं आयकार्ड दाखवून उपयोग नाही. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांना फुकट असतो, आणि त्याच कारणाने त्या दिवशी जाऊ नका.

मोठी सॅक आत घेत नाहीत, काचेची बाटली पण नाही. प्लॅस्टिकची किंवा स्टीलची बाटली न्या, रोममध्ये रस्त्यावर लोखंडी नळ सतत वाहत असतात आणि ते पाणी पिण्याचंच असतं, विकत घ्यायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दगड तापतो, सावली कमी, तेव्हा सकाळचा पहिला स्लॉट घ्या. मेट्रोची बी लाइन, स्टेशनचं नाव कोलोसेओ, बाहेर आलं की समोरच. त्या मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात. आणि दारापाशी लाल पिसांचे टोप घालून जे सैनिक उभे असतात ते फोटोचे पैसे मागतात, नंतर मागतात आणि बरेच मागतात.

डोक्यात एवढाच इतिहास पुरे

सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या आगीनंतर शहराच्या मधोमध स्वतःसाठी अवाढव्य महाल बांधला, त्यात एक तळं होतं. नीरो गेल्यावर व्हेस्पेशियन आला. त्याने तळं आटवलं आणि त्याच जागेवर लोकांसाठी अँफिथिएटर बांधायला घेतलं, साधारण इ.स. ७० ते ७२ च्या सुमारास. राजकारण म्हणून याला तोड नाही, बघा ना, एकट्याची मजा बंद आणि सगळ्यांची चालू. पैसा कुठून आला तर जेरुसलेमच्या लुटीतून. व्हेस्पेशियन ७९ मध्ये वारला, मुलगा टायटसने इ.स. ८० मध्ये उद्घाटन केलं, १०० दिवस खेळ चालले, आणि इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो की त्यात ९,००० जनावरं मारली. धाकटा भाऊ डोमिशियनने नंतर उरलेलं पूर्ण केलं, आणि तळघराचं पक्कं बांधकाम त्याच्या काळाचं धरतात.

एवढ्या मोठ्या कामाला आठ-दहा वर्षंच कशी लागली याचं उत्तर आत गेल्यावर डोळ्यांना दिसतं: काँक्रीट. रोमन काँक्रीट, विटा, टफ नावाचा हलका ज्वालामुखी दगड, आणि जिथे खरं वजन येतं तिथेच फक्त ट्रॅव्हर्टाइन हा कठीण चुनखडीचा दगड, जो रोमजवळच्या टिवोलीहून आणला, साधारण एक लाख घनमीटर. म्हणजे सगळीकडे महाग माल लावलेला नाही, जिथे पाहिजे तिथेच.

पहिली फेरी बाहेरून, आणि उत्तरेकडून

तिकिटाच्या वेळेच्या तासभर आधी पोचा. मेट्रोतून बाहेर आल्यावर लगेच खाली धावू नका, स्टेशनच्या वरच्या अंगाला एक गच्चीसारखा चौक आहे, लार्गो गाएताना आन्येसी, तिथे जा. तिथून उत्तर बाजू पूर्ण दिसते आणि मुख्य म्हणजे मूळ उंचीची बाहेरची भिंत फक्त याच बाजूला शिल्लक आहे, साधारण ४८ ते ५० मीटर. एकूण अंडाकृती साधारण १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद.

खालून वर बघत जा. पहिले तीन मजले कमानींचे, प्रत्येक मजल्यावर अर्धखांबांची वेगळी घडण: खाली साधे, मध्ये आयोनिक (माथ्याला गुंडाळ्या), वर कोरिंथियन (माथ्याला पानं). चौथ्या मजल्यावर कमानी नाहीत, भिंत आहे आणि छोट्या खिडक्या. या चौथ्या मजल्यावर नीट बघितलं की भिंतीतून बाहेर आलेले दगडी टेकू दिसतात आणि त्यांच्या वर कॉर्निसमध्ये (भिंतीच्या माथ्याचा पुढे आलेला पट्टा) भोकं. असे २४० होते. प्रत्येक टेकूवर एक लाकडी डोलकाठी उभी, ती वरच्या भोकातून जायची, आणि त्या २४० डोलकाठ्यांना दोर बांधून प्रेक्षकांवर कापडाचं छत ताणायचे, त्याला वेलारियम म्हणायचे. हे काम गवंड्यांचं नव्हे, खलाशांचं. मिसेनोच्या आरमारातले खलाशी खास यासाठी रोममध्ये ठेवले होते, त्यांची बराक जवळच होती. शिडं, दोर आणि वारा कळणारी माणसं तीच ना.

आता खाली उतरा आणि भिंतीच्या जवळ जा. सगळीकडे मुठीएवढी खड्डेवजा भोकं दिसतील, लोकांना वाटतं तोफगोळे किंवा गोळ्या. नाही. ट्रॅव्हर्टाइनचे ठोकळे एकमेकांना चुन्याने जोडलेले नाहीत, लोखंडी पट्ट्यांनी जोडले होते, सगळं मिळून साधारण ३०० टन लोखंड. मध्ययुगात लोखंड महाग झाल्यावर लोकांनी दगड पोखरून ते काढून नेलं. भोकं त्याची.

कमानींवरचे आकडे शोधा. तळमजल्यावर ८० कमानी, त्यातल्या ७६ ना नंबर, बाकी चार बिननंबरच्या. आज रोमन आकड्यांत २३ ते ५४ एवढेच शिल्लक आहेत, सगळे याच उत्तरेच्या बाजूला. ४४ नंबरवर शेवटचा चार चार उभ्या रेघा मारून लिहिलाय, शाळेत शिकवलं तसा नाही, पोरांना शोधायला लावा. आणि ३८ नंबर नंतर एक कमान सोडून थेट ३९ येतो. मधली बिननंबरची कमान म्हणजे बड्या लोकांची एंट्री, तिच्या आतल्या छतावर चुन्याची नक्षी होती, तिचे तुकडे अजून दिसतात. ज्याला नंबर लागत नाही तो व्हीआयपी, हे तेव्हापासूनच.

फेरी पूर्ण करताना दोन टोकांना दोन वेगळे टेकू दिसतील ते चुकवू नका. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेची बाहेरची भिंत कोसळली, कारण ती बाजू जुन्या ओढ्याच्या गाळावर होती आणि उत्तर बाजू घट्ट जमिनीवर. पडलेला दगड पुढे शतकानुशतकं रोमच्या महालांना आणि चर्चना वापरला गेला. जे उभं होतं त्याची टोकंही पडायला आली तेव्हा १८०७ च्या सुमारास पूर्वेच्या टोकाला स्टर्न नावाच्या वास्तुविशारदाने विटांचा जाडजूड टेकू दिला. तिथे जाऊन बघाच, कमानींचे दगड घसरायला लागलेत आणि घसरता घसरताच विटांनी जाम करून टाकलेत, दोनशे वर्षं ते तसेच अडकून आहेत. दुसऱ्या टोकाला १८२० च्या दशकात वालादिए नावाच्या वास्तुविशारदाने केलेला टेकू एकदम वेगळा, त्याने विटांतच कमानी उभारून जुन्या डिझाइनशी जुळवून घेतलं. दुरुस्ती कशी करावी याबद्दल दोन माणसांचं भांडण दोन टोकांना उभं आहे म्हणा ना.

आत शिरताना: गर्दीचं गणित

आता आत. सिक्युरिटी झाली की लगेच जिन्याकडे पळू नका, तळमजल्याच्या गोल बोळात पाच-दहा मिनिटं थांबा. इथेच पहिलं काम कळतं.

वानखेडेवर मॅचला जाताना कसं असतं, तिकिटावर गेट, स्टँड, लेव्हल, रांग, सीट, आणि चुकीच्या गेटला गेलात की पोलीस परत फिरवतो. इथे अगदी तेच होतं, फरक एवढाच की तिकीट विकत मिळायचं नाही. खेळ फुकट असायचे, सम्राटाच्या खर्चाने, आणि जागा ओळखीपाळखीने, संस्थांमधून, हुद्द्याप्रमाणे वाटल्या जायच्या. इ.स. ८० चा एक शिलालेख आहे, आर्व्हाल नावाच्या पुरोहितांच्या मंडळाचा, त्यात त्यांना या नव्या अँफिथिएटरमध्ये कुठल्या मजल्यावर, कुठल्या विभागात, कुठल्या पायऱ्यांवर किती फूट जागा मिळाली ते फुटाफुटाने लिहून ठेवलंय. फूट लिहिलेत, खुर्च्या नाही, कारण बाकावर दाटीवाटीने बसायचं.

तर तुमचा नंबर ५२ असेल तर ५२ च्या कमानीतून आत, तिथून ठरलेला एकच जिना, तो जिना एकाच विभागात निघतो. आतला जिना जिथे बसायच्या जागेत उघडतो त्या दाराला व्होमिटोरियम म्हणतात. बोळात उभं राहून जिने मोजा आणि ते कुठे जातात बघा: काही थेट समोर खालच्या रांगांकडे, काही अर्ध्यावर वळून वर, काही बोळाच्या आत दुसऱ्या बोळात जाऊन मग अजून वर. जितका माणूस हलक्या दर्जाचा तितका जिना लांब आणि वाकडा. सिनेटर आणि गुलाम एकाच इमारतीत दिवसभर असायचे आणि जिन्यात त्यांचा खांद्याला खांदा लागत नसे, हे नुसत्या भिंतींनी साधलंय. आज आपण सगळे दोन-तीन दारांतूनच जातो म्हणून गर्दी होते, मूळ योजनेला त्याचा दोष देऊ नका.

बोळाच्या छताकडे बघा, वरच्या सगळ्या बैठका या बोळांच्या आणि मध्याकडून बाहेर जाणाऱ्या उतरत्या कमानींच्या छतावर टेकल्यात. ग्रीक लोक थिएटर डोंगरउतारावर खोदायचे, म्हणजे बसायचा उतार फुकट मिळायचा. इथे डोंगर नाही, आटवलेलं तळं आहे, म्हणून उतारच बांधून काढला, आणि उतार पोकळ असल्यामुळे त्याच्या पोटात जिने मिळाले. खाली सुमारे १२-१३ मीटर जाडीचं काँक्रीटचं कडं पायाला आहे.

तळघर: इथे वेळ घालवा

फुल एक्स्पीरियन्सवाले इथे खाली उतरतात. २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती संपून तळघराचा बराच भाग लोकांना खुला झाला, फळ्यांचा रस्ता केलाय, खर्च टॉड्स या बूट बनवणाऱ्या कंपनीने दिला. बाहेरच्या भिंतीची सफाई पण त्यांच्याच पैशाने झाली.

खाली दोन मजले होते, समांतर बोळ, काही सरळ काही अंडाकृतीप्रमाणे वळलेले. पहिल्यांदा पाहिल्यावर काहीच कळत नाही, मग अशी सुरुवात करा: आधी मधला रुंद सरळ बोळ शोधा, तो लांब अक्षावर आहे आणि पूर्वेला पुढे जाऊन थेट ग्लॅडिएटरांच्या शाळेला मिळतो, म्हणजे लढणारे रस्त्यावर न येता जमिनीखालूनच यायचे. मग त्याच्या दोन्ही बाजूच्या अरुंद बोळांत भिंतींकडे बघा. भिंतीत उभ्या खाचा दिसतील. त्या लिफ्टच्या पिंजऱ्याच्या. आणि खाली जमिनीत दगडात गोल भोकं, त्यात उभ्या दांड्याचं टोक फिरायचं. दांड्याला आडवे दांडे, ते धरून माणसं गोल गोल चालायची, दोर गुंडाळला जायचा, पिंजरा वर. वर पोचला की फळीचं दार उघडायचं आणि बिबट्या वाळूवर. प्रेक्षकांना तो जमिनीतून उगवल्यासारखा दिसायचा.

२०१५ मध्ये अशी एक लिफ्ट लाकडात परत बांधून इथे बसवली आहे, ती शोधा आणि तिच्यासमोर उभे राहा, कारण ती बघितल्यावर भिंतीतल्या बाकीच्या खाचा वाचता येतात. अभ्यासकांच्या हिशोबाने अशा २८ लिफ्ट आणि प्रत्येकीला आठेक माणसं, म्हणजे एका वेळी सव्वादोनशे माणसं नुसती दांडे ढकलायला. अंधार, तेलाचे दिवे, जनावरांचा वास, वर ५० हजारांचा आवाज, आणि सगळं वेळेवर. जर्मन पुरातत्त्व संस्थेचे हाइन्झ-युर्गेन बेस्टे यांनी वर्षानुवर्षं या खाचा-भोकांची मापं घेऊन कुठे काय यंत्र होतं ते जुळवलं, आणि त्यातून हे पण दिसलं की तळघर एकदा बांधून झालं असं नव्हतं, चारशे वर्षं त्यात तोडफोड, डागडुजी, नवी यंत्रं चालूच होती. म्हणून विटा, टफ आणि ट्रॅव्हर्टाइन एकाच भिंतीत मिसळलेले दिसतात.

पाण्याच्या लढाईचं विचारणारा एक जण ग्रुपमध्ये असतोच. डिओ लिहितो की टायटसच्या उद्घाटनात इथे पाणी भरून जहाजांची लढाई केली. पण हे दगडी तळघर झाल्यावर तो प्रश्न मिटला, एवढ्या बोळांवर आणि लाकडी यंत्रांवर पाणी सोडणं शक्यच नाही.

गटारं पण बघा, किंवा निदान लक्षात ठेवा. २०२२ मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी कोलोसियमच्या गटारांत शिरून काय सापडलं ते जाहीर केलं: अस्वलांची, सिंहांची हाडं, आणि प्रेक्षकांनी खाऊन टाकलेल्या अंजीर, द्राक्षं, चेरी, ऑलिव्ह, अक्रोड यांच्या बिया आणि टरफलं. खाली मरण आणि वर टाइमपास, एकाच गटारात.

अरेनाच्या तुकड्यावर

पूर्वेच्या टोकाला लाकडी जमिनीचा एक भाग परत बांधलाय, तिकिटात अरेना असेल तर त्यावर उभं राहता येतं. इथून सगळ्या इमारतीचा अर्थ उलटा होतो, वरून जे लहान वाटतं ते इथून अंगावर येतं. मूळ मैदान साधारण ८३ बाय ४८ मीटर. कोपरा नाही, म्हणजे पळून दडायला जागा नाही आणि प्रेक्षकांना आंधळी जागा नाही.

एका दिवसाचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. सकाळी जनावरांच्या शिकारी. दुपारी जेवणाच्या वेळेला गुन्हेगारांना मृत्युदंड, तेव्हा बरेच जण उठून जायचे. तिसऱ्या प्रहरी ग्लॅडिएटर, तो मुख्य आयटम. जनावरं सगळ्या साम्राज्यातून आणि त्याच्याही पलीकडून यायची. रोमनांनी वाघ पहिल्यांदा पाहिले ते हिंदुस्थानातून सम्राट ऑगस्टसकडे भेटी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर, असं डिओ लिहितो, म्हणजे कोलोसियमच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी. सम्राट ट्रेजनने डेशिया (आजच्या रोमानियाचा भाग) जिंकल्यावर १२३ दिवस खेळ केले, ११,००० जनावरं आणि १०,००० ग्लॅडिएटर, हा आकडाही डिओचाच.

दोन गैरसमज इथेच सोडून द्या. प्रत्येक लढाई मरेपर्यंत नसायची. ग्लॅडिएटर तयार करायला वर्षं आणि पैसा लागायचा, मालक तो असा उधळणार नाही, शिवाय लढतीत काठी घेतलेला पंच असायचा. जोड्याही ठरलेल्या: जाळं आणि त्रिशूळवाला रेतियारियस याच्यासमोर गुळगुळीत शिरस्त्राणाचा सेकुटर, कारण गुळगुळीत टोपावर जाळं अडकत नाही. आणि "आम्ही मरायला निघालेले तुला वंदन करतो" ही घोषणा रोज व्हायची असं नाही, रोमन चरित्रकार सुएटोनियसने ती एकाच प्रसंगी सांगितलीय, सम्राट क्लॉडियसच्या वेळी फुचिनो तळ्यावरच्या जहाजांच्या खेळात, कोलोसियम तेव्हा नव्हतंच.

वरचे मजले

आता वर जा, फोटो आता काढा. खाली यंत्र बघून आल्यामुळे आता तो गुंता ओळखीचा वाटतो. बसण्याची जागा जवळजवळ सगळी गेलीय. एका बाजूला पांढऱ्या संगमरवरी पायऱ्यांचा छोटा तुकडा दिसतो तो १९३० च्या दशकात रचलेला आहे, त्यावरून मूळ रचनेचा अंदाज बांधू नका.

क्रम असा: अगदी खाली पोडियमवर सिनेटर, त्यांच्या वर इक्वाइट म्हणजे पैसेवाला वर्ग, मग सामान्य नागरिक, सगळ्यात वर लाकडी बाकांवर बायका आणि गरीब, गुलाम. सिनेटरांची नावं दगडात कोरायचे आणि माणूस मेला की खोडून दुसऱ्याचं. तसले पाचव्या शतकातले दगड सापडलेत, आत प्रदर्शनात दिसतात. या पुढच्या सीटचा त्रास पण होता. सम्राट कमोडस स्वतः मैदानात उतरून शहामृग मारायचा. एकदा तो शहामृगाचं कापलेलं मुंडकं एका हातात आणि रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन सिनेटरांसमोर येऊन मान हलवत हसत उभा राहिला, म्हणजे पुढचा नंबर तुमचा. डिओ तिथेच बसला होता. तो लिहितो की भीती बाजूला, आम्हाला हसू यायला लागलं, आणि हसलो असतो तर जागच्या जागी मेलो असतो, म्हणून मी माळेतली पानं तोंडात कोंबून चावत बसलो आणि शेजारच्यांनाही तसंच करायला सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावर मॉडेल, दगडांवर प्रेक्षकांनी कोरलेली ग्लॅडिएटरांची चित्रं, खाली सापडलेल्या वस्तू असं प्रदर्शन आहे, ते घाईत ओलांडू नका. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी लिफ्ट आहे, कर्मचाऱ्यांना विचारा, पायऱ्या खरंच उंच आहेत आणि आईबाबा सोबत असतील तर हे आधी ठरवा. सिंहांना ख्रिश्चन खायला घातल्याच्या गोष्टी गाईड हमखास सांगतात, पण याच इमारतीत तसं घडल्याचा त्या काळातला भक्कम पुरावा नाही. १७४९ मध्ये पोपने ही जागा हुतात्म्यांची म्हणून पवित्र ठरवली, त्याचा फायदा असा झाला की दगड नेणं थांबलं. त्यानंतर शंभर वर्षं इथे जंगल माजलं होतं, १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने नुसत्या कोलोसियममध्ये ४२० प्रकारच्या वनस्पती मोजल्या.

बाहेर पडल्यावर

पूर्वेला रस्ता ओलांडा, व्हिया लाबिकाना आणि व्हिया सान जोव्हान्नीच्या मध्ये रस्त्याच्या पातळीखाली अर्धवर्तुळाकार अवशेष दिसतात. हीच ग्लॅडिएटरांची शाळा, लुडुस मॅग्नुस. कठड्यावरून फुकट दिसते आणि तरी कोणी थांबत नाही. सरावाचं छोटं मैदान, त्याभोवती प्रेक्षकांच्या पायऱ्या, बाजूला राहायच्या खोल्या. सरावही बघायला लोक यायचे. तळघरातला मधला बोळ इथे येतो, आता डोक्यात नकाशा पूर्ण झाला. फोरम आणि पॅलेटाइन त्याच दिवशी उरकायचं असेल तर आधी पोटभर खा आणि कोलोसियमला लागून असलेल्या हॉटेलांत खाऊ नका, शेजारच्या मोन्ती भागातल्या गल्ल्यांत पाच मिनिटं चालत जा.

एक दिवस जास्त असेल तर

नेपल्सकडे जाणार असाल तर पोझ्झुओलीचं अँफिथिएटर बघा. इटलीतलं तिसऱ्या नंबरचं मोठं, साधारण १४९ बाय ११६ मीटर, फ्लेव्हियन म्हणजे व्हेस्पेशियन-टायटसच्या घराण्याच्याच काळातलं, आणि तळघर कोलोसियमपेक्षा धड. कारण इथे छत शाबूत आहे. वर मैदानात उभं राहिलं की पायाखाली जनावरं वर आणायची चौकोनी भोकं आणि मधली लांब फट जागच्या जागी, खाली उतरलं की त्याच भोकांतून उजेड पडतो. रोममध्ये जे डोक्यात जुळवावं लागतं ते इथे समोर असतं, गर्दीही नाही. नेपल्सहून मेट्रो लाइन २ ने पोझ्झुओली स्टेशन, तिथून चालत. फक्त हा सगळा भाग ज्वालामुखीवर आहे, जमीन वर-खाली होत असते, भूकंपाचे धक्के बसतात, त्यामुळे त्या आठवड्यात उघडं आहे का आणि साप्ताहिक सुट्टी कधी हे आदल्या दिवशी तपासून घ्या.

आणि पॉम्पेईला जाणारच असाल तर तिथलंही अँफिथिएटर चुकवू नका, अगदी टोकाला आहे म्हणून लोक थकून सोडून देतात. इ.स.पू. ७० च्या सुमाराचं, दगडात बांधलेल्यांपैकी आज उभं असलेलं सगळ्यात जुनं. तळघर नाही, आतले जिने जवळपास नाहीत, वर जायचे जिने बाहेरूनच भिंतीला लावलेत. इ.स. ५९ मध्ये इथे पॉम्पेईवाले आणि शेजारच्या नुचेरियाचे लोक यांच्यात खेळ चालू असताना दंगल झाली, लोक मेले, आणि रोमने दहा वर्षं खेळांवर बंदी घातली. कोलोसियमच्या जिन्यांचं कौतुक करून आल्यावर हे बाहेरचे दुहेरी जिने बघा, दीडशे वर्षांत गर्दी हाताळण्यात काय फरक पडला ते एका नजरेत कळतं.